समुद्रसपाटीच्या खाली

फोटो आला तेव्हा नागेश खड्ड्याच्या काठावर उभा राहून पाण्याची पातळी बघत होता. खालिद लगूनच्या पाण्यापासून दोनशे पावलांवर एका नव्या टॉवरचा पाया खणला जात होता, आणि त्या खड्ड्यात झिरपणारं जमिनीखालचं पाणी पंपांनी सतत उपसत राहायचं, हे त्याच्या कंपनीचं काम होतं. तेवीस वर्षं शारजात तो हेच करत आला होता. पंपांच्या घरघरीत त्याला मोबाइल वाजलेला कळला नाही, खिशात थरथरलेला कळला. संजनाचा फोटो. लेक तीन आठवड्यांपूर्वी तोक्योत नोकरीला गेली होती आणि तिथल्या एदोगावा नावाच्या वॉर्डात तिनं खोली घेतली होती. वॉर्डाच्या ऑफिसात नाव नोंदवायला गेली, तेव्हा तिच्या हातात एक पुस्तिका ठेवली गेली. तिच्या मुखपृष्ठाचा तो फोटो होता. एक नकाशा, त्यातून चहूकडे बाहेर जाणारे बाण, आणि मध्ये जपानी अक्षरांची एक ओळ. खाली संजनानं लिहिलं होतं, ‘हे माझ्या एरियाबद्दल आहे, बाबा. लिहिलंय, इथं थांबू नका. फनी ना?’

त्यानं तिथूनच फोन लावला. "कोण म्हणतंय थांबू नका?"

"वॉर्ड ऑफिसच. फ्लड मॅप आहे तो, बाबा. दोन नद्यांच्या मध्ये आहे ना हा भाग, आणि मोस्ट ऑफ इट इज बिलो सी लेव्हल. मोठं टायफून आलं तर वी कान्ट सेव्ह एव्हरीवन, सो प्लीज लीव्ह. असं सरळ लिहिलंय." ती हसत होती.

"आणि तू तिथं राहणार?"

"सात लाख लोक राहतात, बाबा. इंडियन्स पण किती आहेत." मग ती म्हणाली, "ॲट लीस्ट दे टेल यू बिफोरहँड."

निदान ते आधी सांगतात. फोन ठेवल्यावरही नागेश उन्हात तसाच उभा राहिला. तिनं ते सहज म्हटलं होतं की मुद्दाम? संजना मुद्दाम काही बोलायची नाही, लहानपणापासून नाही. पण त्या मंगळवारानंतर तिचं कुठलंही वाक्य त्याला साधं वाटेनासं झालं होतं. खाली खड्ड्यात गमबूट घातलेले दोन कामगार पाइप सरकवत होते. त्यातल्या महादूनं वर बघून विचारलं, "साहेब, दोन नंबरचा पंप बंद करू का? गरम झालाय." "नको," नागेश इतक्या जोरात ओरडला की महादू दचकून बघत राहिला. "कुठलाही पंप बंद करायचा नाही."

त्या दिवसापासून त्यानं एदोगावाबद्दल वाचायला घेतलं. कामावरून आला, आंघोळ केली की अल मजाजमधल्या अकराव्या मजल्यावरच्या त्या फ्लॅटच्या बाल्कनीत तो टॅब घेऊन बसायचा. समोर लगूनचं हिरवट पाणी, पलीकडच्या टॉवरांचे दिवे त्यात हळूहळू उतरत जायचे. बायको, गिरिजा, आतून विचारायची, "काय एवढं वाचता हो?" "संजनाचं गाव," तो म्हणायचा, आणि गिरिजाला त्यात कौतुक दिसायचं. तो मात्र पाण्याचंच वाचत असायचा. वॉर्डाच्या पश्चिमेला जी आराकावा नदी वाहते ती नदीच नव्हती. तो माणसांनी खणलेला कालवा होता. १९१० साली जुनी नदी शहरात घुसली, म्हणून तिचं पाणी बाहेरून काढून द्यायला वीस-एक वर्षं माती उपसून ही नवी नदी केली. तिच्या पात्रात घरं गेली, शेतं गेली, देवळं उचलून दुसरीकडे नेऊन ठेवली. आणि पूर्वेला खरी नदी. मध्ये चिमटीत धरल्यासारखी जमीन. त्या जमिनीवर एके काळी भातशेती होती, कमळाची तळी होती, शोभेचे लाल मासे वाढवायची डबकी होती. दक्षिणेला उथळ समुद्रात लोक बांबू रोवून शेवाळ धरायचे, ते कागदासारखं पसरून वाळवायचे. हे वाचताना त्याला हर्णैच्या किनाऱ्यावर वाळत घातलेली मासळी आठवली, तिचा वास नाकात आला आणि क्षणभर बरं वाटलं. माणसं सगळीकडे अशीच पाण्याच्या कडेला काहीतरी वाळवत बसलेली. मग पुढचं पान यायचं. युद्धात, पंचेचाळीसच्या मार्चमध्ये, विमानांमधून आग पडली, लोक जीव वाचवायला पाण्याकडे धावले. एकोणपन्नासच्या वादळात समुद्र बांध फोडून आत आला. आणि मग कारखाने. कारखान्यांनी जमिनीखालचं पाणी उपसायला सुरुवात केली, त्या पाण्यात विरघळलेला गॅस मिळतो म्हणून आणखी उपसलं, आणि जमीन खाली बसत गेली. निशी-कसाईत, म्हणजे संजनाची खोली होती त्याच भागात, एका वर्षात वीतभर. शेवटी सरकारनं पंप बंद करवले. जमीन बसायची थांबली. पण बसलेली जमीन वर येत नाही.

हे शेवटचं त्याला कुणी सांगायला नको होतं. पाणी काढलं की माती दबते, हे त्याच्या धंद्यातलं पहिलं वाक्य. शेजारच्या इमारतीच्या भिंतीवर काचेच्या पट्ट्या चिकटवून, भेग वाढते आहे का, हे तो रोज तपासत असे. पट्टी तडकली की काळजी. पण आता वाचताना त्याला वाटू लागलं की आपण तेवीस वर्षं ज्या शहराखालून पाणी ओढत आलो, ते शहरही आपल्या पायाखाली हळूहळू, कुणाला कळणार नाही असं, उतरतं आहे. लिफ्टमध्ये उभं राहिलं की तळमजल्यावर ती थांबणार नाही असं वाटे. जेवताना ताटातली आमटी एका बाजूला कललेली दिसे. एकदा त्यानं खरोखरच गवंड्याची लेव्हलची बाटली आणून जेवणाच्या टेबलावर ठेवली. बुडबुडा बरोबर मध्ये होता. गिरिजानं ती उचलून फ्रिजवर ठेवली आणि म्हणाली, "डॉक्टरला दाखवू या का तुम्हाला?"

डॉक्टरला काय सांगणार? दोन हजार चोवीसच्या एप्रिलमधला तो मंगळवार त्यानं कुणालाच सांगितला नव्हता. सकाळपासून पाऊस पडत होता, या देशात कुणी पाहिला नव्हता असा. दुपारी आकाश हिरवं झालं, शेवाळलेल्या हौदासारखं. गिरिजा त्या वेळी गॅलरीत येणारं पाणी चादरींनी अडवत होती. "मी गाडी बाहेर काढून उंचावर लावून येतो," असं म्हणून तो बेसमेंटमध्ये गेला आणि "माझी पण आहे ना खाली," म्हणत संजना त्याच्या मागे आली. उतारावरून पाणी येत होतं, घोट्याइतकं. ती आपल्या गाडीकडे गेली, पार टोकाला. तो आपल्या गाडीचं दार उघडतो आहे तोच दिवे गेले. आणि उतारावरून येणाऱ्या पाण्याचा आवाज बदलला. तो आवाज नागेशला ओळखीचा होता. खड्ड्याची बाजू फुटते तेव्हा असाच जाड, घशातला आवाज येतो. अंधारात कुठेतरी एक गाडी तरंगली आणि खांबावर आपटली. खड्डा किती वेळात भरतो हे त्या इमारतीत फक्त त्याला माहीत होतं. पाय आपोआप जिन्याकडे गेले. जिन्याचं लोखंडी दार आपल्या बाजूला ओढून उघडायचं होतं, पाणी गुडघ्यापर्यंत आलं होतं. त्यानं दोन्ही हातांनी जीव खाऊन ते ओढलं, फटीतून अंग आत घातलं, आणि मागे पाण्याच्या रेट्यानं दार धाडकन बंद झालं. दाराच्या पलीकडून "बाबा" अशी हाक आली. एकदा. मग, थोडी जवळून, परत एकदा. तो जिना चढत राहिला.

वर लॉबीत शेजारीपाजारी जमले होते, कुणी रडत होतं, कुणी व्हिडिओ काढत होतं. तो त्यांच्यात जाऊन उभा राहिला. इमारतीचा वॉचमन तहा, पेशावरकडचा धिप्पाड म्हातारा, त्याच्याजवळ आला आणि म्हणाला, "साहब, बेटी किधर है?" नागेशनं उत्तर दिलं, "आ रही है." हे तीन शब्द त्यानं कसे उच्चारले, कुठल्या आवाजात, हे त्याला अजून ऐकू येई. तहा क्षणभर त्याच्याकडे बघत राहिला आणि मग बाहेर, उताराकडे धावला. चार मिनिटं गेली असतील. चार की चौदा? संजना उताराच्या भिंतीवरचा पाइप धरून, छातीभर पाण्यातून, एकेक पाऊल वर आली. शेवटची दहा पावलं तहानं तिला खांद्याला धरून ओढलं. तिच्या पायात एकच चप्पल होती. तिनं बापाकडे पाहिलं आणि म्हणाली, "गाड्या गेल्या, बाबा." एवढंच. अकरा मजले दोघं जिन्यानं चढले. दारात गिरिजा उभी होती, "अगं बाई, किती भिजलीस!" म्हणत तिनं लेकीला जवळ घेतलं, आणि तो पटकन म्हणाला, "पाणी फार जोरात आलं. दोघं एकदमच वर आलो." संजना खाली वाकून कुडत्याचं पाणी पिळत होती. तिचे हात थांबले. मग परत पिळू लागले.

नंतर, पाणी ओसरल्यावर, वीज आल्यावर, त्यानं एका कागदावर हिशेब मांडला होता. गुडघाभर पाणी, तीन फुटी दार. पाण्याचा दाब किती, दाराच्या कडेशी किती जोर लागेल? पंचावन्न किलो आला. सिमेंटच्या पोत्याहून थोडा जास्त. जिन्याच्या बाजूनं खांदा लावला असता तर दार उघडलं असतं. आत येताना ते त्यानंच तर ओढून उघडलं होतं. त्यानं कागदाचे बारीक तुकडे केले. पण आकडा कुठं फाटतो?

संजना त्यानंतर घरात पूर्वीसारखीच वागत राहिली. हसायची, भांडायची, आईच्या हातचं घावन मागून घ्यायची. फक्त गाडीत त्याच्या शेजारी न बसता मागे बसू लागली, आणि दहा महिन्यांत तिनं तोक्योतली नोकरी धरली. अबू धाबीला, अल रीम बेटावर चांगली नोकरी मिळत असताना. "एवढ्या लांब का?" गिरिजानं विचारलं होतं. "बस, आय वॉन्ट टू लिव्ह बाय मायसेल्फ," ती म्हणाली.

उन्हाळा सरला. ऑक्टोबर आला. या महिन्यांत ती व्हिडिओ कॉलवर गल्ल्या दाखवायची, नदीचा बांध दाखवायची; बांधावर उभं राहिलं की एका बाजूला नदीचं पाणी आणि दुसऱ्या बाजूला, त्या पाण्याच्याही खाली, घरांची छपरं. नागेश ते बघताना टेबलाची कड धरून ठेवायचा. एकदा तिनं एका बागेतलं जुनं जलद्वार दाखवलं. बोटी आत घ्यायला बांधलेला तो काँक्रीटचा मनोरा, आता दोन तृतीयांश मातीत गाडलेला. पूर आला तर लोकांना चढायला जागा हवी म्हणून तिथली सगळी जमीनच भर घालून उंच केली होती. "खाली अजून दरवाजा आहे, बाबा, मातीच्या आत," ती म्हणाली, आणि त्यानं रेंज गेल्याचं निमित्त करून फोन बंद केला. तिच्या बोलण्यात एक ओकुमुरा-सान येऊ लागली होती, तिच्या इमारतीत तळमजल्यावर एकटी राहणारी चौऱ्याऐंशी वर्षांची बाई. एकोणपन्नासच्या वादळात ती आठ वर्षांची होती आणि दोन दिवस छपरावर बसून होती, हे तिनं संजनाला खाणाखुणा करून सांगितलं होतं.

टायफून रविवारी आलं. ते येणार हे तीन दिवस आधीपासून ठाऊक होतं, आणि ते तीन दिवस नागेश झोपला नाही म्हटलं तरी चालेल. रविवारी सकाळी साडेदहाला, म्हणजे तिकडे दुपारी साडेतीनला, संजनाचा फोन आला. ती पाठीला सॅक लावून स्टेशनकडे निघाली होती. सगळ्यांना वॉर्ड सोडायला सांगितलं होतं. ती योकोहामाला मैत्रिणीकडे जाणार होती.

"जा, लवकर जा," नागेश म्हणाला. "कुठं थांबू नको."

"हो बाबा. ट्रेन्स चार वाजेपर्यंतच आहेत." वाऱ्यानं तिचा आवाज फाटत होता. मग ती चालायची थांबली. "बाबा, ओकुमुरा-सानच्या घरात लाइट होता."

"असेल. तिला न्यायला येतील कोणीतरी."

"कोण येणार? तिला कोणी नाहीये."

"संजना, ऐक माझं. तू स्टेशनवर जा."

पलीकडे नुसता वारा. "आय कान्ट, बाबा," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "मी तिला घेऊन येते." आणि फोन बंद झाला.

त्यानं परत लावला. लागला नाही. दहा वेळा, वीस वेळा. गिरिजानं देवापुढे दिवा लावला आणि टीव्ही सुरू केला. कुठल्यातरी चॅनेलवर काळसर तपकिरी पाणी बांधाला घासत चाललेलं दिसलं. ती कुठली नदी हे कळायच्या आत दुसरी बातमी लागली. बाहेर शारजात लख्ख ऊन होतं. खाली लगूनच्या काठानं एक बाई बाबागाडी ढकलत चालली होती. नागेशच्या कानात ती दोनदा आलेली हाक सुरू झाली आणि थांबेना. या वेळी दाराच्या पलीकडे कोण होतं? म्हातारी? आणि संजना खांदा लावून दार ढकलत होती, पंचावन्न किलो, शंभर किलो, पाणी कमरेच्या वर गेलं की मग कुणालाच जमत नाही. बारा वाजले. एक वाजला. ती परत गेली, कारण परत न जाणारा माणूस तिनं पाहिला होता. हे त्याला इतकं स्पष्ट दिसलं की ते मनात धरून बसणं अशक्य झालं.

"गिरिजा," तो म्हणाला, "त्या दिवशी आम्ही एकदम वर आलो नव्हतो."

"कुठल्या दिवशी?"

त्यानं सांगितलं. दिवे गेले ते, दार, हाक. दोन हाका. लॉबी. तहानं विचारलेलं आणि आपण दिलेलं उत्तर. सांगताना त्यानं गिरिजाकडे पाहिलं नाही, टीव्हीखालच्या वायरींकडे बघत राहिला. त्यातली एक वायर कशाचीच नव्हती, नुसतीच लोंबत होती. बोलून संपलं तेव्हा गिरिजानं रिमोट उचलला आणि टीव्ही बंद केला. ती रडेल, ओरडेल असं त्याला वाटलं होतं. ती सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला, मांडीवर हात ठेवून, पाहुण्यासारखी बसून राहिली. शेजारच्या फ्लॅटमध्ये कुणाचंतरी मूल इंग्रजीत पाढे म्हणत होतं.

पावणेतीनला फोन वाजला. गिरिजानं झडप घालून घेतला. संजना तिथल्याच एका शाळेच्या तिसऱ्या मजल्यावर, आसऱ्याला आलेल्या लोकांत होती. फोन भिजला होता, कुणाच्यातरी मोबाइलवरून बोलत होती. ओकुमुरा-सान तिच्याबरोबर होती. म्हातारी निघायलाच तयार नव्हती, तिचे लाल मासे होते म्हणून; शेवटी संजनानं वर जाऊन आपला प्रेशर कुकर आणला, त्यात पाणी घालून मासे ठेवले आणि दोघी छत्रीशिवाय शाळेपर्यंत गेल्या. नदी बांधाच्या माथ्यापासून हातभर खाली थांबली होती आणि आता उतरत होती. गिरिजा हसत होती, डोळे पुसत होती, "खाल्लंस का काही?" विचारत होती. मग तिनं फोन नागेशपुढे धरला. हात लांब करून, जवळ न येता.

"संजना."

"हाय बाबा. आय ॲम फाइन."

"मी आईला सांगितलं." तो म्हणाला. "बेसमेंटचं."

पलीकडे लाउडस्पीकरवर जपानीत काही सूचना चालली होती, मुलं धावत होती. फोन कट झाला की काय, म्हणून त्यानं स्क्रीनकडे पाहिलं. सेकंद पुढे सरकत होते.

"ओके, बाबा," ती शेवटी म्हणाली. "आता ठेवते हां. दे आर गिव्हिंग राइस."

चार वाजता गिरिजानं चहा केला, दोन कप. त्याचा कप टेबलावर ठेवून ती बाल्कनीच्या दाराशी उभी राहिली. लगूनवरून गरम वारा येत होता.

"एक विचारू?" ती म्हणाली. "तिच्या जागी मी असते तर?"

उत्तर त्याच्या जिभेवर तयार होतं. थांबलो असतो. कुठलाही नवरा हेच म्हणेल, आणि कदाचित ते खरंही असेल. पण त्याला आपले पाय आठवले, ते कसे आपोआप, त्याला न विचारता, जिन्याकडे गेले होते. त्या पायांत आता बूट नव्हते, मोजे नव्हते. टाइल्सवर ते उघडे, निरुपद्रवी दिसत होते, आणि त्याला त्यांचीच भीती वाटली.

"माहीत नाही," तो म्हणाला.

गिरिजानं मान हलवली. चहाचा एक घोट घेतला. "मी तिच्याकडे जाऊन येते. दोन महिने."

"मी येऊ?"

"मला कशाला विचारता? तिला विचारा."

त्यानं मेसेज लिहिला: ‘आई येते आहे. मी पण येऊ का?’ तेवीस वर्षं तो लेकीला सांगत आला होता, हे कर, ते करू नको, इथं जा, तिथं थांबू नको. नाही म्हणता येईल असं काही त्यानं तिला कधी विचारलं नव्हतं. पाठवायला अंगठा खाली येईना. मग आला. उत्तर त्या दिवशी आलं नाही. संजनानं नवा फोन घेतल्यावर, बुधवारी, आलं. नागेश साइटवर होता, दोन नंबरच्या पंपाजवळ. महादू खालून पातळी ओरडून सांगत होता आणि तो वहीत लिहीत होता. त्यानं हातमोजा काढला आणि वाचलं.

‘नॉट येट, बाबा. आधी आई येऊ दे.’

त्यानं ते दोनदा वाचलं. खालून महादूनं हाक मारली, "साहेब, लिहिलं का?" "थांब जरा," नागेश म्हणाला. त्यानं ‘बरं’ असं लिहिलं, पुसलं, परत लिहिलं, आणि पाठवलं.